५९१ने सुरू होणारा पिनकोड

जुलैतला पाऊस आणि खानापूर बसस्थानकाजवळचं एक टीव्ही-मोबाइलचं दुकान. जांबोटीकडच्या एक मावशी काउंटरपाशी उभ्या होत्या. हातात प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेला मोबाइल, त्यात रिचार्ज झाल्याचा मेसेज. "पैसे कापलेत की ओ. मग आमची मराठी मालिका का लागंना?" दुकानदाराने नंबर टाकून खातं उघडलं, खाली-वर सरकवून पाहिलं आणि म्हणाला, "तुमचा जुना पॅक कंपनीनं बंद केलाय मावशी. त्याच्या जागी दुसरा बसवलाय. पत्ता कर्नाटकाचा, म्हणून कन्नड पॅक आलाय." मावशी भांडल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "बघणारी मी हाय. पत्त्याला कशाला विचारतात?" दुकानदाराने तीन मराठी वाहिन्या सुट्या जोडून दिल्या, महिन्याचा आकडा वाढला, मावशींनी ओल्या नोटा मोजून दिल्या आणि एसटी गाठायला बाहेर पडल्या.

त्यांच्या प्रश्नाचं उत्तर खानापुरात मिळत नाही, बेळगावातही मिळत नाही. ते दिल्लीत टीव्ही आणि दूरसंचाराचे नियम ठरवणाऱ्या ट्राय या संस्थेच्या दरपत्रकात थोडं सापडतं, मुंबईत जाहिरातींची वेळ विकणाऱ्यांच्या तक्त्यांत थोडं, आणि वाहिन्यांच्या मालकीचे कागद ज्यांच्या कपाटात आहेत त्यांच्याकडे बरंचसं.

सीमाभागातल्या घरात टीव्ही दोन भाषांत चालतो. शहापूर, वडगाव, येळ्ळूर, उचगाव, कुठल्याही गल्लीतून संध्याकाळी सातनंतर चालत गेलं की एका दारातून मराठी सासूचा चढलेला आवाज येतो, पुढच्या दारातून कन्नड नायकाचा, आणि मध्येच कुकरच्या शिट्ट्या, फोडणीचा ठसका, पागोळ्यांचं पाणी. आजीला मराठी हवं असतं. सुनेचं माहेर हुक्केरीकडचं असेल तर तिला कन्नड मालिका सोडवत नाही. नातू शाळेतून आला की हिंदीतली कार्टून लावतो. यातली एक भाषा काढून दुसरी ठेवा, असं कुणाचंच म्हणणं नसतं. दोन्ही हव्या असतात, आणि नेमकं हेच दोन्ही हवं असणं महागात पडतं.

हिशोब मांडून पाहण्यासारखा आहे. १ फेब्रुवारी २०१९पासून नवी दरपद्धत लागू झाली. त्यात १०० एसडी, म्हणजे साध्या दर्जाच्या, वाहिन्यांसाठी नेटवर्कचं भाडं जास्तीत जास्त १३० रुपये, १८ टक्के जीएसटी धरून १५३ रुपये ४० पैसे. जानेवारी २०२०च्या दुरुस्तीने तेवढ्याच पैशांत २०० वाहिन्या आल्या, आणि जुलै २०२४मध्ये या भाड्यावरची वरची मर्यादाच उठली. भाडं वेगळं आणि सशुल्क वाहिन्यांची किंमत वेगळी. पॅकमध्ये घालायची असेल तर वाहिनीची सुटी किंमत १९ रुपयांच्या वर नको, असा नियम. मध्ये ही मर्यादा १२ रुपयांवर आणली होती. प्रसारक कोर्टात गेले आणि नोव्हेंबर २०२२मध्ये आकडा पुन्हा १९वर आला. आता समजा, घराला तीन मराठी आणि तीन कन्नड मनोरंजन वाहिन्या हव्यात आणि सहाही १९ रुपयांच्या आहेत. ११४ अधिक भाड्याचे १३०, झाले २४४. त्यावर जीएसटी ४३ रुपये ९२ पैसे. म्हणजे महिन्याला २८७ रुपये ९२ पैसे, आणि यात क्रिकेट नाही, सिनेमाची वाहिनी नाही, नातवाचं कार्टूनही नाही.

मग पॅक घ्यावा असं वाटतं, आणि तिथेच सीमाभागातलं गिऱ्हाईक अडकतं. प्रसारकाला पॅकवर सुट्या किमतींच्या बेरजेच्या ४५ टक्क्यांपर्यंत सूट देता येते, त्यामुळे पॅक स्वस्त दिसतो. पण एकाच प्रसारकाचा मराठी पॅक आणि कन्नड पॅक शेजारी ठेवून पाहा. त्या भाषेच्या दोन-तीन वाहिन्या सोडल्या तर बाकीचा ऐवज बहुतेक तोच असतो: त्याच हिंदी वाहिन्या, तेच खेळ, त्याच बातम्या. दोन्ही पॅक चालू केले तर या समान वाहिन्यांचे पैसे दोनदा जातात, वजावट मिळत नाही. पुण्यातल्या किंवा हुबळीतल्या घराला हा प्रश्न सहसा येत नाही, कारण त्यांना एकच पॅक पुरतो. इथे करायचं ते असं. आधी चालू वाहिन्यांची किंमतवार यादी मागायची, नुसतं पॅकचं नाव नव्हे. त्यात केबलवाल्याने किंवा डीटीएचने स्वतः बांधलेला कॉम्बो असेल तर तो पहिल्यांदा बंद करायचा. कॉम्बो चालू ठेवून वर सुट्या वाहिन्या घेतल्या की दोन्हींचं बिल चालू राहतं. मग ज्या भाषेच्या पॅकमध्ये घराला लागणारे खेळ आणि सिनेमे आहेत तो एक पॅक घ्यायचा, आणि दुसऱ्या भाषेतल्या रोज खरंच लागणाऱ्या दोन-तीन वाहिन्या सुट्या, क्रमांक सांगून घ्यायच्या. एकाच वाहिनीची एसडी आणि एचडी दोन्ही रूपं यादीत घुसलेली असतात, त्यातलं एक काढायचं; २०१९च्या दरपद्धतीत वाहिन्या मोजताना एक एचडी दोन एसडींच्या बरोबर धरली जात असे. मदत क्रमांकावरचा माणूस खानापूर-निपाणीकडचा ५९१ने सुरू होणारा पिनकोड टाकतो, त्याच्यापुढे राज्याची यादी उघडते आणि तो तीच वाचून दाखवतो. म्हणून त्याच्याशी पॅकच्या नावाने बोलायचं नाही, वाहिनीच्या क्रमांकाने बोलायचं. कुठलीही वाहिनी सुटी मागायचा हक्क नियमात आहे आणि तो पत्त्यावर अवलंबून नाही.

इथपर्यंतचं दुखणं रुपयांचं आहे, आणि ते थोड्या चिकाटीने आटोक्यात येतं.

त्यापुढचं दुखणं मोजणीचं आहे. कोणती मालिका किती पाहिली गेली हे बार्क ही संस्था निवडक घरांत मीटर बसवून मोजते. वाहिनीच्या आवाजात कानाला न जाणवणारी खूण मिसळलेली असते, ती मीटर ओळखतो. ही मोजणी बाजारवार लावली जाते. मराठी वाहिन्यांचे दर आठवड्याचे जे आकडे गाजतात ते 'महाराष्ट्र/गोवा' या बाजाराचे, कन्नड वाहिन्यांचे 'कर्नाटक' या बाजाराचे. निपाणीतल्या एखाद्या घरात मीटर बसला तर ते घर कर्नाटकात धरलं जातं. तिथे रोज रात्री साडेआठला पाहिलेली मराठी मालिका महाराष्ट्र-गोव्याच्या आकड्यात शिरत नाही, आणि कर्नाटकाच्या आकड्यात मराठीचा वाटा इतका बारीक पडतो की त्यावर कुणी जाहिरात विकत नाही. जाहिरात दहा सेकंदांच्या हिशोबाने विकली जाते आणि त्या दहा सेकंदांचा भाव या आकड्यांवर ठरतो. निपाणीहून कोल्हापूर चाळीसेक किलोमीटर. तिथला माणूस पाहतो ते मोजलं जातं, इथला पाहतो ते त्या तक्त्यात येतच नाही, मालिका मात्र दोघांची एकच.

याचा परिणाम पडद्यावर दिसतो. मराठी मालिकांची घरं पुण्या-मुंबईत असतात, कोल्हापूर-साताऱ्यात असतात, कोकणात असतात, अलीकडे विदर्भातही असतात. चिकोडीच्या उसात, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत, शहापूरच्या मागावर, खानापूरच्या लाल मातीत घडणारी रोजची मालिका शोधावी लागते. 'काय ओ', 'हाय की', 'बगा की' हे बोलणं ऐकू आलं तर ते बहुतेक वेळा हसू आणण्यासाठी ठेवलेल्या पात्राच्या तोंडी असतं. नायिका या बोलीत रडत नाही, वकील या बोलीत वाद घालत नाही. लिहिणाऱ्यांना ही बोली येत नाही असं मी म्हणणार नाही. मराठी रंगभूमीला आणि साहित्याला या भागाने भरपूर माणसं दिली आहेत. पण लेखकाच्या टेबलावर दर आठवड्याला जो कागद येतो त्यात हा प्रेक्षक नाही, आणि मालिका कुठे वळवायची हे त्या कागदावरून ठरतं. बातम्यांचंही तेच. नोव्हेंबर उजाडला, बेळगावच्या सुवर्ण विधानसौधमध्ये कर्नाटक विधिमंडळाचं अधिवेशन भरलं, की मुंबईचे कॅमेरे इथे येतात. कणकुंबीच्या घाटात दरड कोसळली, मलप्रभेला पूर आला, खानापूर तालुक्यातल्या एखाद्या मराठी शाळेत शिक्षक उरला नाही, त्या दिवशी मात्र ते कॅमेरे दुसरीकडे असतात.

वाहिनी इथल्या केबलवर पोचवण्याचाही खर्च आहे, आणि तो प्रेक्षकाला कधीच दिसत नाही. कमी मागणीची वाहिनी आपल्या जाळ्यावर चालवायला केबल कंपनी प्रसारकाकडून वहनशुल्क घेते. ट्रायच्या २०१७च्या नियमांत एसडी वाहिनीसाठी ते दर ग्राहकामागे महिन्याला जास्तीत जास्त २० पैसे आणि एचडीसाठी ४० पैसे होतं; एसडी-एचडी हा भेद जुलै २०२४मध्ये निघाला. जाळ्यावरच्या ५ टक्क्यांहून कमी ग्राहकांनी ती वाहिनी घेतली असेल तर पूर्ण दर, त्यापुढे मागणी वाढेल तसा दर उतरत जातो आणि २० टक्के गाठले की शुल्क शून्य. ही टक्केवारी कशाच्या भागिले काढायची? केबल कंपनीने जाहीर केलेल्या लक्ष्य बाजाराच्या, आणि तो फार तर एका राज्याएवढा धरता येतो. कंपनी बंगळुरूची असेल आणि तिने अख्खं कर्नाटक एक बाजार धरला असेल तर मराठी वाहिनी ५ टक्क्यांच्या खालीच राहते आणि प्रसारकाला राज्यभरच्या ग्राहकांमागे पैसे भरावे लागतात. तीच वाहिनी बेळगाव जिल्ह्यापुरतं काम करणाऱ्या कंपनीकडे सहज वरच्या टप्प्यात जाते. म्हणून छोट्या मराठी वाहिन्या बेळगावच्या स्थानिक केबलवर दिसतात आणि मोठ्या कंपनीच्या जाळ्यावर गायब असतात. लोक केबलवाल्याला बोल लावतात, तो बिचारा बरेचदा वरून आलेली यादी पुढे सरकवत असतो. केबल बदलण्याआधी कंपनीचा बाजार किती मोठा आहे हे विचारावं. त्यावरून पुढच्या वर्षी मराठी वाहिन्या टिकतील की नाही याचा अंदाज येतो.

हे सगळं ऐकून पुष्कळ घरं फुकटच्या डिशकडे वळतात. दूरदर्शनची ही सेवा डिसेंबर २००४मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झाली, आता ती डीडी फ्री डिश. मासिक भाडं नाही, एकदाच डिश आणि बॉक्सचे दीड-दोन हजार रुपये. उपग्रह जीसॅट-१५, पूर्व रेखांश ९३.५ अंशांवर. बेळगावातून डिशचं तोंड आग्नेयेला, खऱ्या उत्तरेपासून मोजून सुमारे १२८ अंशांवर करावं लागतं, आणि उंची क्षितिजापासून सुमारे ६१ अंश. डिशकडे नुसतं बघून मात्र ६१ अंश वाटत नाहीत, कारण ऑफसेट डिशमध्ये, म्हणजे लहरी मधोमध न टिपता खालच्या बाजूला टिपणाऱ्या डिशमध्ये, साधारण २५ अंशांचा फरक आधीच घडवलेला असतो. उभ्या रेषेपासून ती ३५-३७ अंशच मागे रेललेली दिसते, आणि ती चुकीची बसलीय असं समजून लोक उगाच आणखी कलवतात. सगळ्यात जास्त घोळ एलएनबीच्या, म्हणजे डिशपुढच्या दांड्यावर लहरी टिपणाऱ्या डबीच्या, पिळाचा होतो. बेळगावसाठी तो सुमारे ४९ अंश लागतो. सरळ, शून्यावर ठेवला तर सिग्नलची ताकद भरपूर दिसते, दर्जाची पट्टी मात्र वर येत नाही, आणि काही वाहिन्या लागतात, काही लागत नाहीत. बसवताना बघायची ती दर्जाची पट्टी, ताकदीची नव्हे. घरावर ८३ अंशांच्या उपग्रहाकडे पाहणारी जुनी डीटीएच डिश पडून असेल आणि तिची एलएनबी युनिव्हर्सल प्रकारची असेल तर तीच वापरता येते: साधारण २३ अंश पूर्वेकडे फिरवायची, ८ अंश खाली आणायची आणि एलएनबीला आणखी २१-२२ अंशांचा पीळ द्यायचा.

झाडांची भीती मात्र जरा जास्तच बाळगली जाते. ६१ अंशांची उंची असल्याने डिशपेक्षा १८ फूट उंच फणस १० फुटांपलीकडे असेल तर आड येत नाही. खरा शत्रू पाऊस. जांबोटी, कणकुंबीच्या पट्ट्यात जून ते सप्टेंबर जे कोसळतं त्यात उपग्रहाच्या लहरी वाटेतच शोषल्या जातात आणि चित्राचे चौकोन होऊन ते थिजतं. साठ सेंटिमीटरची डिश उन्हाळ्यात पुरते, पावसात नाही. नव्वद सेंटिमीटरच्या डिशचं क्षेत्रफळ सव्वादोन पट, म्हणजे सुमारे साडेतीन डेसिबल जादा. मधल्या सरींत तेवढ्याने निभावतं, ढगफुटीत काहीच निभावत नाही. त्याहून जास्त बिघाड मात्र पावसाने नव्हे तर जोडाने होतात. एलएनबीच्या तोंडाशी आरजी-६ केबलचा एफ-कनेक्टर उघडा ठेवला की पाणी जाळीतून केबलभर उतरतं आणि गणपतीपर्यंत तांबं काळं पडतं. जोडावर रबरी टोपी, तिच्यावर घट्ट चिकटपट्टी, आणि केबलला जोडाखाली एक लोंबता वळसा, म्हणजे पाणी वळशाच्या तळातून गळून जाईल. ही पन्नास रुपयांची काळजी आहे. माकडं एलएनबीचा दांडा वाकवतात त्याला मात्र इलाज नाही. दांड्याला वरून तारेचा ताण दिला तर निदान तो पुन्हा पुन्हा वाकत नाही.

आता चित्राचा दर्जा. पैशाचं ते सुबक आणि फुकटचं ते धुरकट, ही समजूत अर्धी खरी आहे. फ्री डिशच्या जुन्या पद्धतीच्या एका ट्रान्सपाँडरवर, म्हणजे उपग्रहावरच्या एका प्रक्षेपण-वाटेवर, सेकंदाला सुमारे ४० मेगाबिट मावतात. त्यात वीस वाहिन्या कोंबल्या तर एकेकीच्या वाट्याला सरासरी दोन मेगाबिट येतात, आणि चित्र दाबून बसवण्याच्या जुन्या एमपेग-२ पद्धतीत तेवढ्यात उभा राहून बोलणारा वृत्तनिवेदक ठीक दिसतो, पण कबड्डी, लेझीम किंवा विसर्जनाची गर्दी आली की चेहरे पुसले जातात. पण पैशाच्या डीटीएचवरची एसडी वाहिनीही ५७६ ओळींचीच असते आणि तिथेही जागा वाचवण्यासाठी पिळवणूक होतेच. ४३ इंची पडद्यावर दोन्ही शेजारी ठेवल्या तर फरक हुडकावा लागतो. खरा फरक एचडीत आहे. तोही घरापर्यंत येऊन बरेचदा वाया जातो, कारण बॉक्स पिवळ्या-लाल-पांढऱ्या पिनांनी टीव्हीला जोडलेला असतो. एचडीएमआय केबल लावली नाही तर एचडीचे पैसे भरून एसडीच बघितलं जातं. बेळगावच्या कितीतरी दिवाणखान्यांत हे असंच चालू आहे आणि पाच मिनिटांत सुधारण्यासारखं आहे.

कथेचा, विषयाचा, बोलण्याचा दर्जा ही आणखी निराळी गोष्ट. सशुल्क वाहिनी प्रेक्षकाच्या पैशांवर चालते म्हणून प्रेक्षकाचं ऐकते, असं मानायला हरकत नव्हती, पण आपल्याकडे ती वर्गणीही घेते आणि जाहिरातही दाखवते. तासाला १२ मिनिटांची मर्यादा केबल नियमांत आहे, १० जाहिरातींची आणि २ स्वतःच्या कार्यक्रमांच्या प्रसिद्धीची. तिच्या अंमलबजावणीविरुद्ध प्रसारक २०१३मध्ये दिल्ली उच्च न्यायालयात गेले. म्हणजे प्रेक्षक किंमत आधी रुपयांनी मोजतो, मग वेळेने. फुकटच्या खासगी वाहिन्यांवर फक्त वेळेने मोजतो, आणि बदल्यात त्याला बहुतेकदा जुन्या मालिका मिळतात. ऑक्टोबर २०१५मध्ये बार्कने ग्रामीण घरांची मोजणी सुरू केली आणि फ्री डिशवर खासगी वाहिन्यांची झुंबड उडाली, कारण खेड्यातला प्रेक्षक तेव्हा पहिल्यांदा आकड्यात आला. मोठ्या प्रसारकांनी आपल्या गाजलेल्या जुन्या मालिकांच्या वाहिन्या तिथे ठेवल्या. नवी दरपद्धत आल्यावर, मार्च २०१९मध्ये, चार मोठ्या प्रसारकांनी त्या एकदम काढून घेतल्या, जून २०२०मध्ये परत आणल्या, एप्रिल २०२२मध्ये पुन्हा काढल्या. पैशाची आणि फुकटची वाहिनी एकाच मालकाची होती, माल एकाच गोदामातला होता. फुकट काय द्यायचं आणि कधी थांबवायचं हे त्या गोदामाच्या मालकाने ठरवलं. जुलै २०२४मध्ये ट्रायने सांगितलं की फ्री डिशवर फुकट दिसणारी वाहिनी सगळीकडेच फुकट जाहीर करावी लागेल. हा नियम मला मनापासून पटतो. तोपर्यंत एकच वाहिनी एका छपरावर फुकट आणि शेजारच्या छपरावर विकत दिसू शकत होती.

मालकीकडे नीट पाहिलं पाहिजे, कारण तिच्या उलाढालींचे परिणाम इथे सगळ्यात उशिरा कळतात आणि सगळ्यात आधी भोगावे लागतात. १५ ऑगस्ट १९९९ला अल्फा मराठी सुरू झाली, पुढे तीच झी मराठी. जुलै २०००मध्ये ईटीव्ही मराठी आली. हैदराबादच्या रामोजी समूहाची ही वाहिनी मनोरंजनाबरोबर जिल्ह्याजिल्ह्यांच्या बातम्याही देत असे, आणि त्या बातम्या या भागात आवर्जून लावल्या जात. २०१४मध्ये तिची मालकी नेटवर्क१८कडे गेली, मार्च २०१५मध्ये ती कलर्स मराठी झाली. मनोरंजन उरलं, बातमीपत्रं गेली. ती हवी होती की नको हे प्रेक्षकांना विचारलं गेलं नाही. २०१९मध्ये स्टार डिस्नेकडे गेली, आणि १४ नोव्हेंबर २०२४ला स्टार व कलर्सवाली व्हायकॉम१८ एकत्र येऊन रिलायन्सच्या ताब्यातली जिओस्टार झाली, स्पर्धा आयोगाने घातलेल्या अटींसह. याच रिलायन्स समूहाने २०१८मध्ये हॅथवे आणि डेन या दोन मोठ्या केबल कंपन्यांतला मोठा हिस्सा घेण्याचं जाहीर केलं होतं. झी आणि सोनीचं एकत्रीकरण २२ जानेवारी २०२४ला मोडलं, नाहीतर त्या दोघांच्याही मराठी वाहिन्या एका घरात गेल्या असत्या. वाहिनी ज्याची आणि ती घरापर्यंत नेणारी तारही ज्याची, त्याला कुठल्या राज्यात काय पुढे करायचं हे ठरवता येतं. ट्रायने माध्यमांच्या मालकीवर फेब्रुवारी २००९मध्ये शिफारशी केल्या, ऑगस्ट २०१४मध्ये पुन्हा सविस्तर केल्या, एप्रिल २०२२मध्ये नवं चर्चापत्र काढलं. वर्तमानपत्र, वाहिनी आणि वितरण यांच्या एकत्र मालकीला मर्यादा घालणारा सर्वंकष कायदा त्यातून झाला नाही. फेब्रुवारी १९९५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रक्षेपणाच्या लहरी (एअरवेव्ह्ज) ही सार्वजनिक मालमत्ता आहे असं म्हटलं होतं. ते वाक्य जांबोटीच्या घरापर्यंत पोचायला हवं होतं असं फार वाटतं.

सार्वजनिक म्हणावं असं जे उरलं आहे ते दूरदर्शनची मराठी वाहिनी सह्याद्री आणि कन्नड वाहिनी चंदना. दोन्ही फ्री डिशवर आहेत आणि केबल-डीटीएचवर दाखवणं बंधनकारक आहे, त्यामुळे मराठी आणि कन्नड एकत्र, पत्ता न विचारता मिळण्याची जागा एवढीच. सह्याद्रीचा झगमगाट कमी आहे, सेट जुने वाटतात, आवाज कधी कधी खोलीत घुमल्यासारखा येतो. पण शास्त्रीय गाणं पूर्ण लांबीचं ऐकायचं, कवीला घाई न करता बोलताना पाहायचं, उसावरच्या हुमणीचा बंदोबस्त शेतकऱ्याला कळेल असा समजून घ्यायचा, तर तीच वाहिनी लागते. हुमणी राज्याची सीमा ओळखत नाही. शिरोळमधल्या उसाचा सल्ला चिकोडीत जसाच्या तसा लागू पडतो. क्रिकेटच्या बाबतीत तर फुकटची डिश पुढे आहे. २००७च्या कायद्याने राष्ट्रीय महत्त्वाचे सामने प्रसार भारतीला द्यावे लागतात, आणि २२ ऑगस्ट २०१७ला सर्वोच्च न्यायालयाने स्पष्ट केलं की ते चित्रण दूरदर्शनने आपल्या मनोऱ्यांवर आणि फ्री डिशवरच दाखवायचं, खासगी केबल-डीटीएचवरच्या दूरदर्शनवर नाही. म्हणून भारताच्या एकदिवसीय सामन्याच्या दिवशी शेजारच्या फुकटच्या डिशवर सामना चालू असतो आणि पैसे भरलेल्या केबलवर त्याच वाहिनीत दुसरंच काही असतं. निपाणीत, बेळगावात कितीतरी घरांत आता दोन बॉक्स आहेत: एचडीएमआयवर केबल, पिवळ्या पिनांवर फ्री डिश, आणि रिमोटवर सोर्सचं बटण झिजलेलं.

आणि एक तिसरी जात आहे, स्थानिक केबलची वाहिनी. चित्र साधं, निवेदकाच्या मागे छापील पडदा, खाली सराफाची, मंगल कार्यालयाची आणि दहावीच्या क्लासची पट्टी. तिच्यावर बेळगावची विसर्जन मिरवणूक रात्रभर दिसते, महापालिकेची बैठक दिसते, मराठी आणि कन्नड बातम्या एकापाठोपाठ एक लागतात. मला वाटतं, इथल्या माणसाला आपलं गाव आपल्या बोलीत पडद्यावर दिसण्याची ही एकमेव जागा आहे, आणि म्हणून तिची काळजी घ्यायला हवी. तिचा मालक स्थानिक असतो, तेव्हा निवडणुकीच्या महिन्यात ती कुणाच्या बाजूने बोलते हेही बघायला हवं. ३० नोव्हेंबर २०२२च्या केंद्राच्या मार्गदर्शक सूचनांनी अशा वाहिन्यांना 'प्लॅटफॉर्म सर्व्हिस' म्हणून चौकट दिली: नोंदणी, एकूण वाहिनी-क्षमतेच्या ५ टक्क्यांपर्यंतच संख्या, पडद्यावर तसं लिहिणं, आणि बातम्या द्यायच्या असतील तर कंपनी म्हणून नोंद. त्यातच एक अट आहे की हा कार्यक्रम त्या जाळ्यापुरताच राहील, दुसऱ्या केबल कंपनीला थेट किंवा आडवळणाने देता येणार नाही. देवळं, मशिदी, चर्च, गुरुद्वारा यांच्या थेट प्रक्षेपणाला तेवढी सूट आहे. म्हणजे बेळगावातल्या एका जाळ्यावरच्या यल्लम्माच्या यात्रेचं थेट चित्रण निपाणीतल्या दुसऱ्या जाळ्याला घेता येतं. त्याच जाळ्यावरचं रात्री नऊचं मराठी बातमीपत्र घेता येत नाही. ही अट बदलायला हवी, निदान एका जिल्ह्यातल्या जाळ्यांपुरती, आणि बार्कच्या तक्त्यात बेळगाव जिल्ह्यातली मराठी घरं महाराष्ट्र-गोव्याच्या शेजारी वेगळ्या रकान्यात तरी दाखवायला हवीत. ट्राय प्रत्येक चर्चापत्राबरोबर लेखी सूचना मागवते, त्या कोणीही पाठवू शकतो आणि त्या पाठवणाऱ्याच्या नावासकट प्रसिद्ध होतात. पुढचं चर्चापत्र आलं की इथल्या वाचनालयांनी, नाट्यसंस्थांनी आणि केबलचालकांनी एवढ्या दोन मागण्या एकत्र, आकड्यांसह लिहून पाठवाव्यात.